हापुतला झोप येत नाही

मी हापुत बोलतोय. काश्मिरात आमच्या गावी अस्वलाला हापुत म्हणतात. खऱ्या हापुताचं बरं असतं. बर्फ पडलं की गुहेत शिरायचं आणि वितळलं की आळस देत बाहेर यायचं. मला मात्र झोप कशी ती माहीत नाही. माझे डोळे म्हणजे फिरनाच्या, आमच्या लांब लोकरी झग्याच्या, दोन गुंड्या, एक काळी, एक तपकिरी. त्या मिटायच्या कशा?

माझा जन्म एका जुन्या फिरनाच्या बाहीतून झाला. गावातल्या लहानशा शाळेत शाइस्ता मिस बालवर्गाला शिकवतात. ते फिरन त्यांच्या सासऱ्यांचं. बाहीला कांगडीच्या, म्हणजे थंडीत अंगाशी धरायच्या शेगडीच्या, ठिणगीने भोक पडलं होतं. ते नेमकं माझ्या पोटावर आलं, म्हणून मिसनी तिथे हिरवं ठिगळ लावलं. आत पिंजाऱ्याकडची उरलीसुरली लोकर कोंबली. ती अजूनही आतून टोचते आणि मला स्वस्थ बसू देत नाही. तोंड लाल दोऱ्याने शिवलं. हसरं झालं, पण घट्ट बंद.

माझं काम फिरतीचं. शनिवारी शाळा सुटली की एका मुलाने मला घरी न्यायचं आणि सोमवारी वर्गासमोर उभं राहून, हापुताने घरी काय काय केलं ते सांगायचं. एवढाच गृहपाठ. लिहायचं काही नाही.

पण मोठ्या माणसांना साधा गृहपाठ झेपत नाही हो. मी घरात आलो रे आलो की आया धावपळ करायच्या. मला चहाच्या समोवारशेजारी बसव, पुढ्यात बशीभर बिस्किटं मांड, फोटो काढ. मग मुलाला पाठ करायला लावायचं, 'हापुत सकाळी लवकर उठला, त्याने दात घासले, त्याने मोठ्यांना सलाम केला.' सोमवारमागून सोमवार मी तेच ऐकायचो. एका घरी मुलाने मला खरं तर हौदात बुडवलं होतं. पण सोमवारी तोही म्हणाला, हापुताने दात घासले.

थंडीची सुटी लागली की मिस मला पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. 'हापुत आता झोपणार,' असं मुलांना सांगायच्या. कसला झोपतोय! मी छपरावरचं बर्फ सरकल्याचे आवाज ऐकत पडून राहायचो.

या वर्षी शाळा उघडली त्या दिवशी मुलांनी पेटीभोवती कोंडाळं केलं. वीस-पंचवीस तळहात पत्र्यावर धपाधप पडायला लागले. "ऊठ हापुता! सोंथ आला! सोंथ आला!" सोंथ म्हणजे वसंत. झाकण उघडलं आणि उजेड आत आला. सगळी तोंडं उघडी होती, ओरडत होती. एकच बंद होतं, माझ्यासारखं. ती मुनीजा.

शरदात ती अशी नव्हती. तेव्हा तिला गप्प करता करता मिसच्या नाकी नऊ यायचे. आता ती सगळं करायची, फक्त बोलायची नाही. मिसनी काळ्या फांद्या रंगवलेले कागद दिले आणि गुलाबी रंगात बोट बुडवून बदामाचा मोहोर उमटवायला सांगितलं. मुनीजाने सुरेख मोहोर उमटवला. "कुणाचं बोट गं हे एवढं नाजूक?" मिसनी विचारलं. तिने नुसतं बोट वर केलं.

जुबैर नावाचा एक द्वाड मुलगा होता. तो म्हणाला, "मिस, हिची जीभ बर्फात गोठली!" वर्ग खिदळला.

थंडीनंतर मोठ्या मुलांना पहिलीत बसवायचं असतं. हेडमास्तर कय्यूम सर वर्गात येऊन गेले आणि दारात उभं राहून मिसना म्हणाले, "शाइस्ता जी, ही मुलगी तोंडच उघडत नसेल तर पहिलीत काय करणार? राहू दे आणखी एक वर्ष इथेच."

"सर, तिला बोलता येतं. तुम्हीच म्हणायचात, ही रेडिओ आहे म्हणून."

"मग बंद का पडला रेडिओ? या खेपेला अस्वल तिच्याकडे द्या. सोमवारी मी येऊन बसतो. बोलली तर पहिलीत."

शनिवारी मिसनी मला मुनीजाच्या हातात ठेवलं. जरा जोरातच दाबलं. त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. सगळ्यांना वाटेतला दुसरा गृहपाठही होता, बदामाची एक फांदी निवडायची आणि किती कळ्या उमलल्या ते बघून यायचं.

शाळेचं फाटक मागे पडलं, बदामाची वाडी लागली आणि मुनीजाने मला दोन्ही हातांनी वर धरलं.

"किती जड आहेस रे तू! काय खातोस?"

मी थक्क झालो. त्यानंतर ती थांबेचना. ही आमची फांदी. अब्बू शाली विकायला कलकत्त्याला गेलेत. दर थंडीत जातात. मोहोर आला की येतो म्हणाले होते. बोलता बोलता तिने वेणीची लोकरी फीत सोडली आणि त्या फांदीला कळ्यांसकट गरगर गुंडाळली.

"आता नाही उमलणार," ती मला म्हणाली. "उमलल्या तर अब्बूंना उशीर झाला असं होईल. उशीर नाही झालेला."

घरी खिडकीशी तिचे आजोबा हुक्का ओढत बसले होते. घरात सगळे त्यांना बब म्हणायचे. त्यांची नजर रस्त्यावर. तिची आई रफीका चुलीपाशी हाखची पालेभाजी निवडत होती.

"मौजी, हापुतला चहा दे!"

"हापुत चहा नाही पीत, मध खातो. आणि आधी इकडे ये, बलाय घेते तुझी, इडापिडा टळो. सोमवारी काय सांगायचं ते पाठ कर. हापुत सकाळी उठला, त्याने दात घासले."

"त्याला दात नाहीत."

"मग तोंड धुतलं म्हण."

"तोंड शिवलंय."

रफीका हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण बबनी वळून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला आणि तिचा चेहराच बदलला. फोन घेऊन ती कोठीच्या खोलीत गेली. मुनीजा मला काखोटीला मारून पाठोपाठ. दाराशी आम्ही दोघांनी ऐकलं.

"पाय टेकवता येतोय का जरा तरी? ... मग जेवणाचं कोण बघतं? ... नाही, बबना नाही सांगितलं. माल विकायचा राहिलाय म्हटलंय. त्यांचं काळीज असं नाजूक, ऐकलं तर तिथल्या तिथे..."

दार उघडलं. रफीकाने मुलीला पाहिलं आणि खाली बसून तिचे खांदे धरले. "तू काही ऐकलं नाहीस. थंडीत सांगितलं होतं ना तुला? कुठे म्हणजे कुठे एक अक्षर बोलायचं नाही. मिसकडे नाही, मुलांत नाही. गावात बोललेलं बबच्या कानावर यायला वेळ लागत नाही."

मुनीजाने मान हलवली.

तेव्हा मला उलगडा झाला. एवढीशी पोर ती! कुठल्या शब्दाला धरून ते गुपित बाहेर येईल हे तिला कसं कळावं? फांदीबद्दल बोललं तर मोहोराचं निघेल, मोहोराचं निघालं तर अब्बूंचं. म्हणून घराबाहेर तिने सगळेच शब्द कोंडून ठेवले होते. आणि मोठी माणसं विचारत होती, जीभ कुठे गेली?

माझी आतली लोकर पेटल्यासारखी झाली. मला सगळं कळत होतं आणि माझं तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं. रविवारचा अख्खा दिवस मी त्या घरात तळमळत काढला. रफीका फाटकापर्यंत जायची, परत यायची. बब हुक्क्याची नळी तोंडात धरून ओढायचेच नाहीत. मुनीजा तासातासाला फांदीकडे धावायची. तिघं एकमेकांशी गोड बोलत होती आणि कुणाचंच चित्त ठिकाणावर नव्हतं.

दुपारी पांघरुणांच्या ढिगाआड मुनीजाने माझा कान ओढला. "हापुता, मौजीने मला बजावलंय." मग थोडा विचार केला. "तुला कुठे बजावलंय?"

सोमवारी वाटेत ती फांदीपाशी थांबली. फितीच्या वेढ्यांमधून गुलाबी पाकळ्या बाहेर आल्या होत्या. मला छातीशी घट्ट धरून शाळेत गेली.

कय्यूम सर खुर्चीत बसले होते. मुनीजा वर्गासमोर उभी राहिली. वर्ग वाट बघत होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मिस, ही मुकीच झालीय," जुबैर म्हणाला.

तेव्हा मुनीजाने मला उचलून आपल्या तोंडासमोर धरलं. मला फक्त मुलं दिसत होती, आणि पाठीवर तिचा गरम श्वास लागत होता. मग एक जाडा, घोगरा आवाज आला.

"मी हापुत आहे. मी मुनीजाच्या घरी गेलो होतो. मी दात घासले नाहीत. तिचे अब्बू कलकत्त्याला जिन्यावरून पडले. त्यांचा पाय मोडलाय. ते खोलीत एकटेच आहेत. बबला सांगायचं नाही. मुनीजाने कुणालाच सांगायचं नाही. म्हणून मी सांगतोय." आवाज जरा चिरकला. "आणि बदामाच्या कळ्या उमलल्या. बांधल्या होत्या तरी उमलल्या."

मग जुबैरच बोलला, अगदी हळू. "माझे अब्बू पण पडले होते. बर्फावरून. बरे झाले नंतर."

कय्यूम सरांनी घसा खाकरला. "शाइस्ता जी, हे तर अस्वल बोललं. मुलगी कुठे बोलली?"

"मग अस्वलालाच पहिलीत घ्या, सर," मिस म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ती येईल त्याच्या मागोमाग."

सर चष्मा पुसत उठले. "दोघांनाही घ्या," म्हणाले आणि भराभरा निघून गेले.

शाळा सुटल्यावर मिस मुनीजाला घेऊन तिच्या घरी आल्या. मुनीजा मला सोडायला तयार नव्हती, म्हणून मीही. मिसनी अंगणात रफीकाला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. रफीकाच्या हातातली टोपली खाली पडली.

"काय केलंस गं हे, पोरी!"

"मी नाही. हापुतने."

"मिस जी, तुम्हाला कल्पना नाही. बबना कळलं तर..."

"बबना कळलंय." आजोबा दारात उभे होते. एक हात चौकटीवर. "केव्हाच कळलंय. कलकत्त्याहून परतलेला पोरगा रोटीवाल्याच्या दुकानात सांगत होता. मी रांगेतच होतो."

"आणि तुम्ही मला एका शब्दाने..."

"तू मला जपत होतीस, पोरी. एवढी जीव तोडून जपत होतीस. तुझ्या हातात तेवढंच होतं, मला ठाऊक आहे म्हटलं असतं तर तेही गेलं असतं. म्हणून वेड घेऊन बसलो." मग ते मुनीजाकडे वळले आणि त्यांचा आवाज फुटला. "पण हिचं तोंड आपण दोघांनी मिळून शिवलं, हे नव्हतं कळलं मला."

रफीका उंबऱ्यावर बसून रडली. थंडीभर साठलेलं सगळं रडली. बब तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आता लपवायचं काही उरलं नाही. मग माझा पोरगा फय्याज तिथे एकटा कशाला? शेजारच्या अल्ताफला विचारतो. तो आणेल."

अल्ताफ गेला. फय्याज आला तेव्हा मोहोर कधीच गळून गेला होता आणि फांद्यांवर हिरवे, लवदार बदाम धरले होते. तो शनिवार होता आणि मुनीजाने हट्टाने मला पुन्हा मागून नेलं होतं, म्हणून मी ते पाहिलं. फय्याज कुबडी टेकत गाडीतून उतरला. मुनीजा त्याच्याकडे धावली आणि बोलायला लागली ती थांबेचना. जुबैर, पहिली, रंगाचं बोट, कय्यूम सर, सगळं एकदम.

"अगं, श्वास तरी घे," फय्याज म्हणाला.

"घेतला," ती म्हणाली आणि पुढे सुरू झाली.

आता ती पहिलीत आहे, मी मात्र बालवर्गातच राहिलो. रोज आमच्या खिडकीवरून जाते, पण आत डोकावत नाही. सोबत तीन-चार मैत्रिणी आणि बोलायचं इतकं असतं की ती कुठे बघणार? सुरुवातीला मला लागलं. मग वाटलं, बरंच झालं. जिला स्वतःचा आवाज सापडला, तिला माझा कशाला हवा?

माझी तब्येत आता तोळामासा आहे. एक कान अर्धा उसवलाय, डावा हात दोऱ्यावर लोंबतोय, पोटातली लोकर एका बाजूला गोळा झालीय. मिस म्हणतात, सुटीत नीट शिवून देईन. शिवा, पण आतली टोचणारी लोकर काढू नका. तिच्यामुळेच मी जागा असतो.

आणि तुम्हाला एक विनवणी. तुमच्या घरी एखादं मूल माझ्यासारखं काही घेऊन आलं, तर बिस्किटांची बशी मांडू नका. फोटो नंतर काढा. त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि गप्प राहा. ते घोगऱ्या आवाजात काही बोललं तर 'हे कोण बोलतंय?' असं विचारू नका. ऐका फक्त.

शनिवारची घंटा झाली बघा. आज कुणाची पाळी आहे कोण जाणे. पाठीमागून एक चिकट हात आलाय, उसवलेला कान नेमका धरलाय. अरे, हळू! ... बरं, येतो मी. त्या घरात कुणीतरी वाट बघत असेल.