जीपचे दात

यात्रा कमिटीला नियम लिहायला फार वेळ लागला नाही. बैलगाड्यांचे नियम तयार होतेच. सचिवांनी मोबाइलवर जिथे जिथे 'बैल' होता तिथे तिथे 'जीप' घातलं आणि कागद छापून देवळाच्या भिंतीला चिकटवला. त्यामुळे यंदा पहिल्यांदाच भरणाऱ्या जीपच्या शर्यतीत जीपला चाबूक मारायला मनाई होती. जीपच्या पुढे घोडी पळणार होती आणि घोडीला ओलांडेल ती जीप बाद होणार होती. शिवाय जीप धावायला योग्य असल्याचा जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागत होता.

म्हणून शर्यतीच्या आदल्या दुपारी गोकुळ घोडेगावच्या दवाखान्यासमोर रांगेत उभा होता. पुढे एक म्हैस, मागे दोन शेळ्या, मध्ये जीप. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. म्हशीने एकदा वळून पाहिलं, तेवढंच.

जीप राजुरीच्या भरतची होती. जुनं पेट्रोल इंजिन, पण गोकुळने चार महिने खपून त्यावर सुपरचार्जर बसवला होता. इंजिन स्वतः ओढून ओढून किती हवा ओढणार, म्हणून वरून हवा कोंबणारं ते यंत्र. राजुरीत त्याला ब्लोअर म्हणत, कारण द्राक्षबागेत ब्लोअर असतो आणि तोही आवाज करतो. कोंबलेल्या हवेला पेट्रोलही त्या मापात लागतं. पूर्ण जोरात असताना हवा साडेअकरा भाग, पेट्रोल एक भाग, असं गोकुळने इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बसवून दिलं होतं. 'कशालाही हात लावू नये' अशी चिठ्ठीही त्याने डॅशबोर्डवर चिकटवली होती.

ही जीप पहिली आली तर भरत त्याला हायवेवरचा पत्र्याचा गाळा देणार होता. एकवीस फूट रुंद. गोकुळ डोंगराकडच्या गावचा. सध्या त्याचं गॅरेज घोडेगावच्या स्टँडमागे होतं आणि डोंगरातली एसटी वळायला लागली की त्याला ते गॅरेज उचलून बाजूला घ्यावं लागायचं. दिवसातून सहा वेळा.

"आवाज बदललाय," गोकुळ म्हणाला.

"मग? लई भारी वाटतो की न्हाई?" भरत म्हणाला.

गोकुळ खाली वाकला. सायलेन्सर नव्हता. त्या जागी हाताची मूठ आत जाईल एवढी रुंद, सरळ नळी.

"मीटर का बंद हाय?"

"त्याचं ते बोंडुक जुन्या नळीतच राह्यलं. न्हाई तरी त्या मीटरचा उजेड डोळ्यात जायचा राव."

त्या बोंडकाला सेन्सर म्हणतात. धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारी जीपमधली ती एकमेव वस्तू होती.

"आणि पुली कुणी बदलली?"

भरतने कॉलर सारखी केली. "त्याचं असं झालं. नळी मोठी केल्यावर ब्लोअरच्या दाबाचा काटा आठ पौंडांवरून सहावर आला. आता फवारणीच्या पंपाचं प्रेशर पडलं की आपण काय करतो? बारकी पुली घालतो. घातली. आला काटा आठावर."

गोकुळने हातात नोझल धरल्यासारखं केलं.

"भरतभाऊ, फवारताना मोठं नोझल लावलं तर काटा पडतो ना?"

"पडतो."

"मग पाणी कमी येतं का?"

"जास्त येतं. काटा पडतो ते पाणी सुटतं म्हणून."

"हितं तेच झालंय. धुराला वाट मोकळी झाली, म्हणून इंजिनात हवा जास्त शिरायला लागली. कॉम्प्युटर हवा मोजत नाय, नुसता दाब बघतो. दाब पडला, त्याला वाटलं हवा कमी झाली, त्यानं पेट्रोल कमी केलं. वर तुमी पुली बारकी केली. आता काटा आठावर आला, पेट्रोलबी आठाचंच, पण आठावरची हवा पयल्यापेक्षा लई जास्त."

"हवा फुकटचीच हाय की."

"हवा फुकटची हाय. पिस्टन फुकटचा नाय."

एवढ्यात म्हैस गेली आणि त्यांचा नंबर आला.

डॉक्टर इंद्रायणी मॅडम बाहेर आल्या, जीपकडे पाहिलं, हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. सकाळपासूनची ही पाचवी जीप होती, त्यामुळे त्यांचं आश्चर्य संपलेलं होतं.

"रंग?"

"पांढरा."

"शिंगं?"

"न्हाईत."

"दात?"

भरतने गोकुळकडे पाहिलं. दातांवरून जनावराचं वय ठरतं आणि तो रकाना मोकळा सोडता येत नाही, असं मॅडमनी सांगितलं. आधीच्या चार जणांनी काय दाखवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

गोकुळने पाना काढला, इंजिनाचे चार प्लग खोलले आणि फडक्यावर ओळीने मांडले. आधी त्याला ते गमतीनेच सुचलं होतं. पण प्लग बघितल्यावर गंमत संपली. नीट चालणाऱ्या इंजिनाचे प्लग विटकरी तपकिरी असतात. हे खडूसारखे पांढरेफटक होते. तिसऱ्या प्लगवर चंदेरी कणी चिकटली होती, साखरेच्या दाण्याएवढी.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"पिस्टन हाय, मॅडम. वितळाय लागलाय. पेट्रोल कमी पडलं की आतला जाळ बेताल होतो."

"म्हणजे आजारी आहे."

"बारा-तेरा सेकंदांचा तर प्रश्न हाय," भरत मध्येच म्हणाला. "तेवढं टिकंल ना?"

टिकेल, असं गोकुळला वाटलं. टिकणार नाही, असंही वाटलं. त्याच्या डोळ्यांसमोर एकवीस फूट गाळा आला आणि त्यात वळणारी एसटी नव्हती. मॅडमनी पेन उघडून त्याच्यापुढे फॉर्म धरला. 'धावण्यास योग्य' आणि 'अयोग्य'.

"मला यातलं कळत नाही. जनावर तुम्ही ओळखता. तुम्हीच सांगा."

"आज अयोग्य, मॅडम," गोकुळ म्हणाला.

"गाळा विसर मग," भरत शांतपणे म्हणाला.

मॅडमनी 'अयोग्य'वर खूण केली, खाली 'विश्रांती व योग्य आहार. उद्या सकाळी पुन्हा दाखवणे' असं लिहिलं आणि शेळ्यांना बोलावलं.

दाखल्याशिवाय जीप घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, शिरणार नव्हती, त्यामुळे भरतला दुसरा मार्ग नव्हता. दिवस मावळायच्या आत दोघं राजुरीत पोचले. रुंद नळीच्या मापाने पेट्रोल वाढवावं तर ते फवारणारे इंजेक्टर आधीच हद्दीवर होते. जुनी नळी आणि जुनी पुली परत बसवणं, एवढाच इलाज होता. पुली सापडली. नळी भरतच्या आई ठमाबाईंनी आंघोळीच्या बंबाला धुराडं म्हणून लावली होती. सेन्सर अजून तिच्यातच होता आणि बंबाच्या धुराचं प्रमाण कुणालाही न कळवता मोजत होता.

"काढतोस तर काढ," ठमाबाई म्हणाल्या. "उद्या सगळी बिनआंघोळीची जा यात्रंला."

गोकुळने नळी बसवली, नवे प्लग घातले, पेट्रोल चिमूटभर वाढवलं आणि जीप कालव्याच्या रस्त्याने दोनदा पळवून आणली. मीटरवर अकरा पूर्णांक तीन. सकाळी मॅडमनी प्लग पाहिले. विटकरी.

"दात चांगले आहेत," त्या म्हणाल्या आणि सही केली.

घाटात सात जीप उतरल्या. कमिटीने घोडी मात्र एकच आणली होती. ती अनुभवी होती आणि पगारावर असल्यासारखी पळत होती, जास्त नाही, कमी नाही. पहिली जीप तिच्यामागे आली, तेरा सेकंद. दुसरी, तेरा सेकंद. कमिटीचं घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवायचं. तिसऱ्या जीपच्या वेळेपर्यंत लोकांच्या लक्षात आलं की शर्यत घोडीची चालली आहे, पण नियम छापलेले होते.

भरतची जीप पाचवी. गोकुळ शेजारी बसून काट्याकडे बघत होता. घोडीच्या शेपटीमागे, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्लोअरचा काटा दोनच्या वर गेला नाही. दोन पौंडांवर कालची रुंद नळी आणि बारकी पुली तशीच असती तरी तो रोगट पिस्टन सहज टिकला असता. हे गोकुळच्या लक्षात आलं आणि त्याने ते कुणालाही सांगितलं नाही.

तेरा सेकंद.

सातही जीपना पहिला नंबर विभागून देण्यात आला. भरत शब्दाचा पक्का होता. विसर म्हणालो होतो तरी नंबर आलाय, असं म्हणून तो टेप घेऊन आला आणि त्याने गाळ्याचा सातवा हिस्सा मोजून दिला. डाव्या भिंतीपासून तीन फूट. खडूने रेघही मारली.

तीन फुटांत जीप मावत नाही. एक जॅक, एक पेटी आणि आडवा झालेला गोकुळ मावतो. पण तिथे एसटी वळत नव्हती. तो सोमवारी सकाळीच सामान घेऊन आला.

पहिलं गिऱ्हाईक ठमाबाई होत्या. काखेत ती रुंद नळी होती.

"बंबाला ही बसवून दे. जुनी तर तू नेलीस."

"बसवतो मावशी. पण हिच्यातनं धूर लवकर सुटंल, हवा जास्त ओढली जाईल. जळणबी जास्त घालावं लागंल."

"ते मला कळतंय," ठमाबाई म्हणाल्या. "बंब मीच पेटवते."