मीठ आधी की मागाहून

राहनाळच्या गोदामांच्या रांगेत, अठराव्या गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, निवेदिता एका निळ्या रंगाची वाट पाहत बसे. तो रंग कुणी घातलेला नसे. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे गोळे जमले, की उजेड त्यांच्यावरून विखुरतो आणि काचेतल्या स्वच्छ पाण्यावर निळसर झाक उतरते. इतकी हलकी, की तिच्याकडे थेट पाहिले तर ती नाहीच असे वाटावे.

गाळा होता सायझिंगची रसायने करणाऱ्या एका लहानशा कंपनीचा. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला जी खळ लावतात, तिच्यात मिसळायचे पदार्थ घडवणे ही निवेदिताची नोकरी. उरलेल्या वेळात ती आपल्या प्रबंधाचे चौथे प्रकरण जगवत होती. जन्म निजामपुऱ्यातला, वडील शाळामास्तर, भिंतीपलीकडे अष्टौप्रहर माग. त्यामुळे धागा तुटू न देता लांबवत न्यावा, ही गोष्ट तिला शिकावी लागली नाही. ती तिच्या झोपेतच भिनली होती.

तिने घडवलेला धागा मात्र कुठल्याही मागावर चढणारा नव्हता. आधी पाण्याचा तिटकारा असलेल्या शेकडो कड्या एकीला एक जोडायच्या. टोक जिवंत आहे तोवर त्याला दुसऱ्या जातीच्या कड्या लावायच्या. मग सोड्याच्या स्पर्शाने त्या दुसऱ्या अर्ध्यावर ऋण विद्युतभार जागा करायचा. एकाच देहात पाण्याचा द्वेष आणि पाण्याची ओढ. अशा साखळ्या थोड्या द्रावकात विरघळवून त्यात थेंबथेंब पाणी सोडले, की द्वेष्टी टोके आत दडून घट्ट गाभा करतात आणि भारित टोके केसांसारखी बाहेर पसरून शेजाऱ्याला दूर लोटतात. निवेदिताला कधी कधी वाटे, आपण त्या पाण्यात उतरलो आहोत, आणि सगळीकडे मोकळ्या केसांचे गोळे एकमेकांना न शिवता तरंगत आहेत.

चौथ्या प्रकरणाचे म्हणणे एवढेच होते: या पाण्यात कॅल्शियमचे मीठ गोळे जमण्याआधी पडले तर एक द्रावण होते, मागाहून पडले तर दुसरे, माप तेच असले तरी. पाण्याला आपली वाट आठवते.

तिचे मार्गदर्शक डॉ. आल्हाद यांना पाण्याची ही स्मरणशक्ती मान्य नव्हती. वीस वर्षांपूर्वीचा त्यांचा गाजलेला निबंध समतोलावर उभा होता, आणि त्या निबंधावर त्यांची खुर्ची. "घटक तेच, तर द्रावण तेच," असे ते म्हणत, "बाकी सगळा भांडी नीट न घासल्याचा परिणाम." विद्वत्तेच्या प्रांतात भांड्यांचा हा आरोप नेमका कुणावर होतो, यावर अद्याप कुणी प्रबंध लिहिलेला नाही. अखेर त्यांनी औदार्य दाखवले: आपण स्वतः येऊ, डोळ्यांदेखत करून दाखव, नाही जमले तर चौथे प्रकरण काढून टाक. ते काढले तर उरलेली तीन प्रकरणे म्हणजे इतरांनी काय केले याची सुवाच्य यादी होती.

गुरुवारी अकराला ते आले. गाळ्याचे मालक हिरामण आणि त्यांची बायको सीताबाई यांनी पाहुण्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. निवेदिताने साखळ्यांचे द्रावण घातलेले दोन फ्लास्क मांडले. पहिल्यात पाणी आधी आणि मीठ मागाहून. दुसऱ्यात मीठ आधी, मग पाणी. कॅनमधले पाणी थेंबथेंब सुटू लागले. पहिला फ्लास्क गढुळला. दुसराही गढुळला. थोड्या वेळात दोन्हींत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगू लागल्या.

"बघ," आल्हाद सर अत्यंत मायेने म्हणाले, "दोन्ही सारखे. मी काय वेगळं सांगत होतो?"

मीठ पडण्याआधीच पहिला फ्लास्क का गढुळला, एवढा एकच प्रश्न निवेदिताच्या डोक्यात संथपणे फिरत होता. तिने कॅनमधले पाणी ओंजळीत घेऊन चाखले. चव होती. ऊर्ध्वपातित पाण्याला चव नसते.

"काका, या कॅनमध्ये काय भरलंत?"

"गोडं पानी," हिरामण अभिमानाने म्हणाले. "तुमीच बोल्ला ना काल फोनवर, कॅन संपत आला, गोडं पानी भरून ठेवा? आमच्या इहिरीचा हाय. आख्ख्या राहनाळात असा पानी न्हाय."

"आणि आधीचं?"

"त्याला काय चव न्हाय, काय न्हाय. मेलेला पानी. पाव्हन्यासमोर तो ठेवू? कढीपत्त्याला घातला."

खाडीकाठच्या गावात पाणी दोनच प्रकारचे, खारे आणि गोडे. निवेदिताने 'ज्यात मीठ नाही ते' या अर्थी शब्द वापरला. हिरामणनी तो 'जिभेला जे रुचते ते' या अर्थी ऐकला. मराठी भाषेने दोघांनाही अचूक साथ दिली होती.

"म्हणजे पाणी अशुद्ध," सरांनी निकाल वाचला. "अशुद्धी. मी भांडी म्हणत होतो, ते पाणी निघालं. तत्त्व एकच."

सीताबाई चहाचे कप ठेवत होत्या. त्या नवऱ्याकडे वळल्या. "अरं, त्या इहिरीच्या पान्यात डाल शिजत न्हाय, हे ठावं हाय ना तुला? पियाला गोड, पन डाल टणक ती टणकच. मी डाल नळाच्या पान्यात शिजवतंय, आन् मंग पातल कराला इहिरीचा पानी घालतंय. मंग काय होत न्हाय."

निवेदिताने मान वर केली. "काय म्हणालात काकी?"

"पयला घातला तर डाल आकसते, बाय. शिजल्यावर घाला, ती कशाला आकसंल?"

निवेदिताने दोन कोरे फ्लास्क पुढे ओढले. मग ती म्हणाली, "काका, मेलेलं पाणी आणखी कुठे मिळेल?"

"मेलेला? म्हंजे बॅटरीचा पानी? असा बोला ना मॅडम! बाजूच्या गाळ्यात चिंधूच्या टेम्पोसाठी चार बाटल्या हायत."

त्या बाटल्या आल्या. निवेदिताने एका बाटलीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली. ते शुद्ध निघाले. वजन करून आणलेले मीठ आता उरले नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. डाळ आकसवते ते विहिरीतले कॅल्शियमच; विहीरच मीठ होती. कोऱ्या फ्लास्कांत साखळ्यांचे ताजे द्रावण ओतून पहिल्यात तिने शंभर मिलिलिटर बॅटरीचे पाणी थेंबथेंब सोडले आणि त्यावर शंभर मिलिलिटर विहिरीचे. दुसऱ्यात आधी विहीर, मग बॅटरी. दोन्हींकडे माप तेच.

"सर, चारपर्यंत थांबाल?"

सर थांबले. बाहेर कंटेनर मागे घेणाऱ्या माणसाचे "आने दे, आने दे" लांबून ऐकू येत होते. उन्हाची तिरीप जमिनीवरून टेबलावर चढली. निवेदिताला वाटले, ती पुन्हा त्या पाण्यात उतरली आहे. कॅल्शियमला दोन हात. साखळ्या विखुरलेल्या असताना तो आला, तर या साखळीचा केस एका हातात, त्या साखळीचा दुसऱ्या हातात, आणि सगळ्यांची मिळून एक गुठळी. पण गोळे जमून गाभा थिजल्यावर आला, तर त्याच्या दोन्ही हातांना एकाच डोक्याचे केस लागतात. तो फार तर वेणी घालतो, आणि गोळा आपल्या वाटेने तरंगत राहतो.

चार वाजता दुसऱ्या फ्लास्कच्या तळाशी पांढरा थर बसला होता. पहिला निळा होता.

सरांनी तो उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यांच्या चेहऱ्यावरून वीस वर्षे संथपणे सरकत गेली असावीत. खाली ठेवताना ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "छान. हेच तर मी सुरुवातीपासून सुचवत होतो. आपल्याला हे सापडलं, निवेदिता."

तिला राग आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तो आला, आणि थंड पाण्यासारखा स्वच्छ आला. ती उठली. प्रयोगवहीत दोन्ही फ्लास्कांची नोंद, पाण्याचे उगम, क्रम, वेळ, सगळे सावकाश लिहिले. खाली 'प्रयोगकर्ता' यापुढे आपली सही केली आणि वही सरांकडे वळवली.

सरांनी पेन काढले. "मार्गदर्शक, असं वर लिहून घेऊ ना?"

"नाही सर. तिथे साक्षीदार आहे." तिने बोट ठेवले. "ज्यानं पाहिलं त्याची सही. चौथ्या प्रकरणाला ही नोंद जोडायची आहे, तारखेसकट."

"साक्षीदार," सर म्हणाले. जणू तो शब्द त्यांना कुठल्या तरी परक्या कोशात सापडला होता.

"दोन लागतात. काकी, तुम्हीही करा. डाळीचं मी वर लिहिलंय, तुमच्या नावानं."

सीताबाईंनी पदराला हात पुसले. "डालीचा काय लिव्हायचा असतंय, बाय?" असे म्हणत त्यांनी पेन सरांच्या हातातून घेतले आणि पहिल्या ओळीवर, सावकाश, एकेक अक्षर जोडत नाव लिहिले. मग पेन परत केले.

आल्हाद सरांनी दुसऱ्या ओळीवर सही केली.