गुडघ्याखालची उशी

"आवळ! मांडी आवळ, रुक्सार. गुडघा खाली दाब!"

फिजिओथेरपीचे इंद्रजित डॉक्टर ओरडत होते आणि रुक्सार जीव खाऊन जोर लावत होती. तिच्या मांडीवरच्या चिकटपट्ट्यांच्या वायरी समोरच्या पडद्याला जोडल्या होत्या. मांडी आवळली की पडद्यावरची रेघ वर चढायची. चांगल्या पायाची रेघ मघाशी पार वर उडाली होती. ऑपरेशन झालेल्या पायाची रेघ मात्र जागची हलायला तयार नव्हती.

"लावतीय सर, लय जोर लावतीय," रुक्सार रडकुंडीला आली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर तिचा बाप, रसूल नदाफ, नकळत स्वतःचीच मांडी आवळून बसला होता. नदाफांचा धंदाच कापूस पिंजायचा; दहिवडीतल्या निम्म्या घरांत गाद्या-उशा त्याच्या हातच्या. कबड्डीत चढाई करताना पोरीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि साताऱ्यात ऑपरेशन झालं. पोलीस भरतीसाठी तिच्या वयाचं हे शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्यात मैदानावर पळून दाखवायचं, एवढ्या एका आशेवर बापलेक एसटीने साताऱ्याला खेटे घालत होते.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली हात सरकवला. हात आरपार गेला.

"हा सरळच होत नाहीये. घरी पाय कसा ठेवता?"

रसूलला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या धंद्यातलं विचारत होतं.

"त्येची काळजी नगा करू सायेब. सावरीच्या कापसाची उशी केलीया, खास. लोण्यावानी मऊ. ऑपरेशन झाल्यापासनं रातध्याड गुडघ्याखाली हाय. पाय खाली टेकूच दिला न्हाई."

डॉक्टरांनी हात काढून घेतला.

"काका, उशी टाचेखाली सांगितली होती. गुडघा वाकडाच राहिला, आखडला. असा गुडघा मांडीला कामच करू देत नाही."

"मीच मागितली सर," रुक्सार घाईने म्हणाली. "दुखायचं म्हणून."

धादांत खोटं होतं ते. ती रोज उशी ओढून काढायची, टाचेखाली ठेवायला सांगितलंय म्हणून भांडायची. "उशी कुठं ठिवायची ते आता नदाफाला शिकीवतीस व्हय?" असं म्हणून रसूल ती परत होती तिथे सरकवायचा. वर आपल्या मायेवर खूशही व्हायचा.

"म्या ठिवली," रसूल म्हणाला. "तिचं ऐकलं न्हाई. सायेब, पर भरती?"

"यंदा पळणं विसरा. आधी ती नीट चालू दे."

"पुढल्या साली वय जातंय वो!"

डॉक्टरांनी मान खाली घालून वायरी गुंडाळायला घेतल्या.

घरी रुक्सार सतरंजीवर आडवी झाली. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसा रसूलने एका हाताने गुडघा हळूहळू खाली दाबला, मांडी आवळते का ते कळावं म्हणून दुसरा तळवा तिच्यावर ठेवला. कापसात चुकून राहिलेली सरकीसुद्धा त्या हाताला कळायची. पोरीने ओढणी तोंडात कोंबली, तरी कण्हणं बाहेर पडलंच. रसूलचा हात ढिला झाला.

"सोडू नका, अब्बा."

त्याने पुन्हा दाबलं. तिने डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जोर मांडीत आणला. कपाळावर घाम आला.

"हललं का?"

व्हय म्हणावं, असं रसूलला फार फार वाटलं.

"खरं सांगा."

"न्हाई, बेटा."

रुक्सारने ओढणीने तोंड पुसलं.

"मग परत दाबा."