जिवंत माशाचा गळा

कृष्णकांतने बेचाळीस फुटी देवमाशाच्या पोटाखालून अंग बाहेर ओढलं आणि तो तसाच जमिनीवर बसून राहिला. वय छप्पन्न. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या गाळ्यात तो तीस वर्षं फायबरचं काम करत होता. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, हॉटेलांसमोरचे हत्ती. देवमासा मात्र पहिल्यांदाच. एका निसर्ग संग्रहालयाने छताला टांगायला खऱ्याएवढा मासा मागवला होता. तीन महिने फोमचे ठोकळे कोरून, त्यावर फायबरचे थर चढवून त्याचे खांदे गळून गेले होते. आता फक्त रंग बाकी होता.

त्या शनिवारी त्याचे मेहुणे पुंडलिक मासा बघायला आले. ते थोरल्या बहिणीचे यजमान. तारापूरकडच्या गावात चाळीस वर्षं ते स्वतःच्या मासेमारी बोटीवर तांडेल होते, बोट तेच हाकायचे; आता गुडघ्यांनी घरी बसवलेले. माशाभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि गळ्याजवळ थांबले. गळा भल्यामोठ्या फुग्यासारखा खाली लोंबत होता.

"हा मेलेला हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"किनाऱ्यावर चार दिवस पडला का आत वारा भरतो, गळा असा फुगतो. पोवणाऱ्या माशाचा असा नाय. मी बघितलाय, आमच्या बोटीला लागून. गळा चप्पट, होडीच्या बुडासारखा."

कृष्णकांतने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. संग्रहालयानेच पाठवलेले. प्रत्येक फोटोत मासा वाळूवर पडलेला, भोवती माणसं. तीन महिने तो रोज हेच बघत होता. त्याला पुंडलिकांचा राग आला. आठवडाभर उशिरा आले असते, तर मासा रंगून झाला असता.

गाळ्याचा मालक कैलास म्हणाला, "काका, फोटो त्यांचे, मंजुरी त्यांची. कोणाला कळणार आहे?"

"नाय कळणार," कृष्णकांत म्हणाला आणि त्याने पाठीवर रंगाचा पहिला हात मारायला घेतला. पाठ झाली, शेपटी झाली. गळ्यापाशी आला की मात्र तो चहा प्यायला निघून जायचा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने संग्रहालयाच्या उन्नती मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आमच्या तज्ज्ञांना विचारलं. तुमचे मेहुणे बरोबर आहेत. चूक आमचीच, फोटो आम्हीच दिले. पण उद्घाटनाची तारीख हलणार नाही. गळा बदलायला बारा दिवस आहेत, पुढचा आठवडा टांगण्यात जाईल. जमेल?"

नाही म्हटलं असतं, तर कोणी दोष दिला नसता. त्याचा खोकला महिनाभर थांबला नव्हता. उजवा हात डोक्याच्या वर जात नव्हता.

"बघतो," तो म्हणाला.

कैलास दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच ग्राइंडरची नवी पाती घेऊन आला. तोंडाला फडकं बांधून कृष्णकांत आडवा पडून गळा कापत होता. पांढरी धूळ डोळ्यांत, कानांत, घामावर चिकटून अंगभर खाज. पुंडलिक रोज सकाळच्या बसने यायचे, रिकाम्या ड्रमवर बसायचे.

"अजून आत घे."

"घेतलाय."

"नाय, अजून."

एकदा कृष्णकांत भडकला. "तुमाला बसून बोलायला काय जातंय, भावोजी!"

 ड्रमचा आधार घेत, एक एक गुडघा वाकवत पुंडलिक खाली उतरले, त्याच्या शेजारी पाठीवर निजले आणि पॉलिश पेपर घेऊन घासू लागले. 

"तो मासा आला तेवा मी इंजिन बंद केला," घासता घासता ते म्हणाले. "कोण बोलला नाय. त्याचा श्वास ऐकू येत होता. आमच्या बुडाखालनं गेला, पण बोटीला धक्का नाय लागू दिला."

कृष्णकांतने हात थांबवला. "घाबरलात?"

"नाय रे. लाज वाटली. एवढा मोठा जीव सांभाळून जातोय, आन् आमी निसते बघत बसलेलो."

अकराव्या दिवशी मासा रंगून, तीन तुकड्यांत ट्रेलरवर चढला. आठवड्याने उन्नती मॅडमनी दोघांना उद्घाटनाला बोलावून घेतलं. भाषणं आटोपली, पाहुणे चहाकडे वळले. मासा छताखाली तरंगत होता, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकच सरळ, निवांत रेघ गेली होती. पुंडलिक मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. काहीतरी सांगायला ते वळले, तर कृष्णकांत बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपलेला.

संध्याकाळी रखवालदार आला. "काका, उठवा यांना. बंद करायची वेळ झाली."

"सगळे दिवे बंद करून ये," पुंडलिक हळू आवाजात म्हणाले. "हितला शेवटी कर. लय दमलाय तो."