पान चारवरची फिरकी

खुराड्याचा आराखडा ज्याने काढला, त्याने आयुष्यात कोंबडी फक्त ताटात पाहिली असणार. आठ पानं, पानोपानी बाण आणि मापं, आणि कोंबड्यांनी बसायचा दांडा नेमका पाण्याच्या भांड्यावर. वर बसलेली कोंबडी खाली काय सोडते, हे त्या गृहस्थाला कुणी सांगितलं नसावं. सगळा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. आणि तो कागद मला द्यायचा, ज्याने चाळीस वर्षं सुतारकाम केलं.

कागद लेकीने आणला होता.

"आईला काहीतरी उद्योग हवा बाबा," ती म्हणाली. "दाणे टाकेल, अंडी गोळा करेल. बघू तरी."

"आणि नाही केलं तर?"

"तर वृद्धांच्या संस्थेत जागा आहे. महिनाअखेरपर्यंत ठेवलीय त्यांनी."

तिच्या आईला विसर पडू लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. आधी चष्मा गेला, मग भाजीतलं मीठ, मग लेकीचं नाव. माझं नाव ती तशीही कधी घेत नव्हती, त्यामुळे ते गेलं की आहे ते कळायला मार्ग नव्हता. माझे गुडघे कामातून गेलेले. तिला अंघोळ घालताना आम्ही दोघं एकदा पडलो, आणि लेकीने ते पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडी संस्था आली. वाईट नव्हती लेक. तिचं एकच म्हणणं होतं, "आईला एक तरी गोष्ट येते असं दाखवा, मी पुन्हा विषय काढणार नाही. काहीच कळत नसेल तर तिला कुठेही ठेवलं तरी सारखंच ना?"

सारखंच कसं असेल? पण हे तिला समजावून सांगता येईना, म्हणून मी करवत काढली.

परसात चार दिवसांत खुराडं उभं केलं. आराखडा पाळला आणि जिथे पटला नाही तिथे मोडला. दांडा मागच्या भिंतीला नेला. जाळी बारीक घेतली. छपराला कागदावर होता त्याच्या दुप्पट उतार दिला, पाणी साचायला नको म्हणून. दार स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा बाजूला फिरवलं. दाराला तेवढी पान चारवरचीच फिरकी ठेवली, म्हणजे एका स्क्रूवर फिरणारी बोटभर लाकडी पट्टी. आडवी केली की दार बंद, उभी केली की उघडं. रांगतं पोरही उघडेल.

चार कोंबड्या आणल्या. हिने दाणे टाकले नाहीत, अंड्यांकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दार सताड उघडं, कोंबड्या अंगणभर, आणि ही बाई दारापाशी हाताची घडी घालून उभी. मी फिरकी काढून हूक लावला. तिने तो उघडला. मग स्प्रिंगची कडी लावली, तीही उघडली, आणि या खेपेला शेजारचं कुत्रं आत शिरून दोन कोंबड्या घेऊन गेलं. कुंपणाला पिसं चिकटलेली बघून माझं डोकं फिरलं.

"तुला काही कळतं का?" मी ओरडलो. "एवढं करतोय मी मरमर, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी?"

तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, "कच्चं आहे."

मी तिथेच खाली बसलो.

आमचं दुकान होतं तेव्हा आम्ही तिथे कपाटं, दारं, चोरकप्प्यांच्या पेट्या करायचो. मी करायचो आणि ती तपासायची. कडी-कुलूप लावून वस्तू तयार झाली की मी तिला हाक मारायचो, "तपासनीसबाई, या." ती चोर व्हायची. केसातली पिन, लोणी काढायची सुरी, नुसतं नख, काहीही घेऊन बसायची. उघडलं की म्हणायची, "कच्चं आहे," आणि निळ्या खडूने आतून फुली मारायची. मग मी पुन्हा करायचो. नाहीच उघडलं तर म्हणायची, "पक्कं आहे," आणि बरोबरची खूण करायची. तिची खूण झाल्याशिवाय एकही वस्तू दुकानाबाहेर गेली नाही. लग्न झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने माझ्या हातचं सगळ्यात भारी कपाट पिनेने उघडलं होतं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

म्हणजे ती कोंबड्या सोडत नव्हती. ती कामावर होती.

उरलेल्या दोन कोंबड्या मी खोक्यात घालून बाथरूममध्ये ठेवल्या आणि खुराडं कोंबड्यांचं राहिलंच नाही. मी एकेक कडी करायचो. खाली दाबून बाजूला सरकवायची. दोन हातांनी एकदम धरायची. आत लपवलेली खुंटी, जी दार जरा उचलल्याशिवाय सुटत नाही. सकाळी चहा झाला की हाक मारायचो, "तपासनीसबाई." ती यायची, डोळे मिटायची आणि बोटांनी दार चाचपायची. लेकीचं नाव न आठवणारी ती बोटं खुंटीपाशी बरोबर थांबायची. "कच्चं आहे." फुली. दाराच्या आतल्या बाजूला अकरा फुल्या झाल्या. मी सुखात होतो, सांगायला लाज कसली? अकरा वेळा हरलो आणि दुकान बंद झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

लेकीला फोन केला. "रविवारी ये. आईची नोकरी बघायला."

"बाबा," ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

"कोंबडं नाही, कोंबड्या आहेत. आणि त्या बाथरूममध्ये आहेत. तू ये तर."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

बुधवारी बारावी कडी लावली. ही बराच वेळ दारापाशी होती. उघडलं नाही, "पक्कं आहे" असंही म्हणाली नाही, आत निघून गेली. मला वाटलं, जमली आपल्याला, आणि खोटं कशाला बोलू, मी मनात फुशारलो. गुरुवारी खात्रीसाठी अकरावी परत बसवली. नाही. शुक्रवारी स्प्रिंगची. शनिवारी साधा हूक. तिची बोटं हुकाशी खेळत राहिली, बाळ दुसऱ्याच्या बटणाशी खेळतं तशी, आणि मग चाळा विसरून खाली आली.

रविवारी पहाटेच उठून मी पान चारवरची फिरकी पुन्हा लावली. स्क्रू ढिला केला, तेल सोडलं. फुंकर मारली तरी फिरेल अशी केली. चाळीस वर्षांत मी मुद्दाम कच्चं असं काही केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

लेक दहाला आली. काखेत पिशवी, पिशवीतून संस्थेच्या कागदांचा कोपरा दिसत होता. तिने आईच्या केसांवरून हात फिरवला. मी नेहमीसारखी हाक मारली. ही आली आणि दारासमोर उभी राहिली. फिरकीवर बोट ठेवलं. दाबली. ओढली. पट्टी तिच्या बोटाखाली अर्धी फिरली, आणि तिने ती नीट पुन्हा आडवी करून ठेवली. मग दारावर किल्लीचं भोक शोधू लागली.

"फिरव ना गं," मी म्हणालो. "नुसती फिरव."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. गिऱ्हाईक नवखं असलं की ती जशी अदबीने बोलायची तसं म्हणाली, "तुम्ही केलंय?"

"हो."

"चांगलं केलंय. पक्कं आहे."

आणि तिने तळहात पुढे केला. मला कळलं तिला काय हवंय. खिशात निळा खडू होताच, तो दिला. तिने दाराच्या बाहेरच्या बाजूला सावकाश बरोबरची खूण केली. बरं झालं, अकरा फुल्या आतल्या बाजूला होत्या.

लेक "बघा, सांगत होते ना" असं म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं. ती कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली, मग नाक पुसून वळली.

"कुठेय सही?" मीच विचारलं.

परसात दुसरं काही नव्हतं, म्हणून कागद खुराड्याच्या छपरावर ठेवला. तो खाली घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. उतार मीच दुप्पट दिला होता. शेवटी लेकीने दोन्ही हातांनी कागद वरून धरून ठेवला आणि मी सही केली.