पाहुण्यांचं पाणी

शाळेची सहल निघाली आणि पोरांबरोबर कुणी खमक्या माणूस पाहिजे असला, की गावाला माझी आठवण होते. फौजेतून हवालदार होऊन परत आलो तेव्हापासून माझं नावच पुसलं गेलंय, सगळे मला फौजी म्हणतात. मिरवणुकीत भांडण सोडवायला फौजी, उसात बिबट्या दिसला की काठी घेऊन पुढं फौजी. आणि हाच फौजी ग्रामसभेत बोलायला उभा राहिला की मागून आवाज येतो, "आला बगा, पाण्याचं पुराण घिऊन."

पाण्याबद्दल मी बोलतो हे खरं आहे. आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं, चहूकडून उसात बुडालेलं. पाटानं पाणी सोडून सोडून आणि खताची पोती ओतून ओतून जमीन खारावून फुगली, आणि ते सगळं मुरत मुरत गावच्या विहिरीत उतरलं. त्याच विहिरीचं पाणी नळाला येतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माझी बायको दीपमाला हिचं मुतखड्याचं दुखणं दोनदा सांगलीच्या दवाखान्यापर्यंत गेलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "एक किडनी दमत आलीय. औषध मी देईन, पण पाणी तुम्ही बदला."

बदलायचं म्हणून मी विकतच्या शुद्ध पाण्याचे जार आणायला लागलो. पण जारचं आमच्या गावात वेगळंच प्रकरण आहे. माझी थोरली भावजय भामाबाई शेजारीच राहते. तिच्या मुलाचं, जयराजचं लग्न ठरवायला म्हणून एकदा पाहुणे आले होते. मुलीच्या आईनं चहाच्या आधी पाण्याचा घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "असल्या पाण्यात पोरगी द्यायची म्हंजी…" स्थळ मोडलं. तिशी उलटून गेलेली बिनलग्नाची पोरं आमच्याकडं आळीआळीला आहेत, त्यामुळे ती गोष्ट सगळ्या आयांनी मनावर घेतली. तेव्हापासून घरटी एक जार असतो, फडक्यानं झाकलेला, आणि तो पाहुण्यांचा. घरचं माणूस त्याला हात लावत नाही.

दीपमालेवर मी ओरडलो, समजूत घातली, एकदा रागानं तांब्यासुद्धा भिरकावला. ती खाली मान घालून ऐकायची आणि तहान लागली की नळाच्या पाण्याची घागर वाकवायची.

"गावातल्या सगळ्या बायका ह्येच पित्यात. मी एकली काय राजाची राणी हाय व्हय?"

त्यावर मला एकच उपाय दिसत होता. चावडीसमोर सगळ्या गावासाठी फिल्टर बसला, तर सगळ्या बायकांबरोबर हीसुद्धा तिथून घागर भरून आणेल. मग ते पाणी तिला चोरीचं वाटणार नाही. माझी बायको वाचायची तर गावाला फिल्टर यायला पाहिजे, इतकं साधं गणित होतं.

आणि तो यायची वेळ खरंच आली. पुण्याची एक संस्था आमच्या आणि ओढ्यापलीकडच्या गावापैकी एका गावाला फिल्टर देणार होती. कुणाला द्यायचा ते पोरांच्या हातून ठरायचं होतं. दोन्ही शाळांतल्या पोरांना शिराळ्याच्या पुढं जंगलात सहलीला न्यायचं, प्रत्येकानं घरून पिण्याचं पाणी बाटलीत भरून आणायचं, तिथल्या झऱ्याच्या पाण्याशेजारी ठेवून तपासायचं. ज्या गावाचं पाणी जास्त खराब, त्याला फिल्टर. ही गोष्ट ऐकली तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. आमच्या पाण्याशी खराबपणात बरोबरी करणारं गाव मला जिल्ह्यात ठाऊक नव्हतं.

पोरांवर नजर ठेवायला अर्थातच मी गेलो. माझी शिवांजली आठवीत, तीही होती. संस्थेच्या कीर्ती मगदूम मॅडम सांगलीच्या. उकळून, दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी तांब्याच्या बाटलीत घेऊन फिरणाऱ्या. कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत, असं गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

शिराळा मागं पडलं, रस्ता चढाला लागला आणि ऊस संपला. गाडीतून उतरल्यावर आमची बडबडी पोरं माना वर करून बघायला लागली. एवढी सावली त्यांनी बघितलीच नव्हती. जांभळी, हिरडे, वेली, आणि पायाखाली ओल्या पानांची गादी. मॅडमनी एका पोरीला त्या पानांत हात खुपसायला लावला. कोपरापर्यंत हात गेला आणि काळ्या मातीनं माखून वर आला.

"हीच गाळणी," मॅडम म्हणाल्या. "पाऊस पडतो, इथं मुरतो, गाळून खाली झऱ्याला येतो. झाड तोडलं की गाळणी फाटली."

पोरांनी ओंजळी भरभरून झऱ्याचं पाणी प्यायलं. मीही प्यायलो. थंडगार, आणि कसली म्हणून चव नाही. आमच्या ओढ्यालासुद्धा दोन्ही अंगांनी करंज होते, ते आमच्याच लोकांनी तोडले, बांध सरकवून उसाची आणखी एक सरी बसावी म्हणून. तिथं उभा राहून मला सगळ्या गावाचा राग आला.

मग बाटल्या कातळावर मांडल्या. एका बाजूला पलीकडच्या गावाच्या, एका बाजूला आमच्या. पाण्यात खताचा अंश असला की कागदाची पट्टी गुलाबी होते, नसला तर पांढरी राहते. पलीकडच्या गावाच्या पट्ट्या एकामागून एक गुलाबी झाल्या. आता आमच्या पट्ट्या लालभडक होणार म्हणून मी पुढं सरकलो.

पहिली पट्टी पांढरी राहिली. दुसरीही तशीच. शिवांजलीची बाटली आली, तिचीही पट्टी झऱ्याच्या पट्टीसारखी पांढरीशुभ्र. खारेपणा मोजायचा मीटर बुडवला तर आकडासुद्धा झऱ्याच्या जवळपास.

मॅडमचा चेहरा उजळला. "उसाच्या पट्ट्यातलं गाव आणि इतकं शुद्ध पाणी! मुलांनो, या गावानं आपली झाडं राखली असणार. टाळ्या!"

सगळ्या जंगलात टाळ्यांचा आवाज घुमला. आमच्या शाळेला एक रोप मिळालं आणि 'शुद्ध पाण्याचा वारसा जपणारं गाव' असं छापलेलं प्रशस्तिपत्र. शिवांजली टाळ्या वाजवत नव्हती. मी तिला झाडामागं नेलं.

"बाटलीत काय भरलंस?"

"आईनं भरलं, पप्पा. जारचं." ती रडकुंडीला आली होती. "मी नळाचं भरत हुते, तर म्हणाली, चार लोकांत न्यायचंय, असलं मचूळ पाणी कसं द्यायचं? सगळ्यांच्या आयांनी जारचंच दिलंय."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. परगावच्या लोकांसमोर आपलं पाणी जाणार म्हटल्यावर बायकांनी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी काढून दिलं होतं. पाहुण्यांचं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण मान हलवली. "काका, फिल्टर हवा असलेला प्रत्येकजण असंच म्हणेल." तरी मी पिच्छा सोडला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "फिल्टरची यादी पुण्याला जायच्या आधी एकदा गावात येऊन जाते. माझी खात्री पटली तर दुसरी तपासणी लावेन."

त्या यायच्या दिवशी सकाळीच मी दीपमालेला समोर बसवलं. "मॅडम आल्या की नळाचं पाणी द्यायचं. जारला हात लावायचा न्हाई. कळलं?"

"पाहुण्या बाईला त्ये पाणी?" तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला कुणाच्या तोंडावर थुंकायला सांगितलंय. पण ती मान डोलावून "बरं" म्हणाली.

दुपारी मॅडम आल्या. त्यांच्या मागोमाग आळीतल्या बायका सोप्यात जमल्या. भामाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जयराजसाठी कोरेगावचं स्थळ आलं होतं, सगळं जुळलं होतं, येत्या आठवड्यात सुपारी फुटायची होती. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा पाण्याशी काही संबंध लागेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

मॅडमनी आपली तांब्याची बाटली बाजूला ठेवली. "मीटर आणि पट्ट्या सध्या दुसऱ्या तालुक्यात आहेत. पण जीभ आहे ना. आज तुमच्या घरचं पाणी पिते. खारं लागलं तर इथूनच फोन करते."

दीपमाला गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला घेऊन आली. मॅडमनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि पेला रिकामा करून खाली ठेवला.

"गोड आहे की हो काका."

मी ताडकन उठलो. "मॅडम, जारचं हाय ह्ये! दीपा, खरं सांग."

दीपमालेनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती दाराशी उभ्या असलेल्या भामाबाईकडं बघत होती, आणि भामाबाईनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरला होता.

"नळाचंच हाय," दीपमाला म्हणाली.

"व्हय बाई, आमच्या गावचं पाणी पयल्यापासनं गोडच हाय," भामाबाईनं लगेच री ओढली. "कोन म्हनतं खारं?" सगळ्या बायका माना हलवायला लागल्या. त्यातल्या कितीजणींच्या कुशीत खडे आहेत ते मी नावानिशी सांगू शकलो असतो.

मी तरातरा आत गेलो, घागरीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि मॅडमच्या समोर धरलं. "ह्ये घ्या. ह्ये पिऊन बगा."

मॅडमनी पेला हातात घेतला, वास घेतला, आणि तसाच खाली ठेवला. "काका, तुमची तळमळ मला कळते. पण यात मीठ घातलेलं नाही कशावरून?" आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही एकटे खारं म्हणताय आणि सगळं गाव गोड म्हणतंय. मी काय कळवू?"

फौजेत वीस वर्षं काढली, पण कुणी मला लबाड म्हटलं नव्हतं. ते ऐकायला माझंच घर मिळालं.

मॅडमची गाडी वळली, बायका पांगल्या. मी दीपमालेला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आवं, भामाआक्का लय रडली सकाळी," शेवटी ती म्हणाली. "म्हणाली, गावाचं पाणी वाईट म्हणून पेपरात आलं की कोरेगावची माणसं फिरतील. मागल्या टायमाला पाण्यापायीच मोडलं. पुन्हा माझ्या घरच्या पेल्यानं मोडलं असतं, तर त्या पोराला तोंड कसं दावलं असतं मी?"

"आन् तुझी किडनी?"

"ती काय दिसतीया व्हय कुणाला?"



फिल्टर पलीकडच्या गावाला बसला. त्याच्या उद्घाटनाचा स्पीकर आमच्या अंगणात ऐकू येत होता. आमचं प्रशस्तिपत्र शाळेत मुख्याध्यापकांच्या डोक्यावर लावलंय, आणि त्याच्याबरोबर मिळालेलं रोप नळाच्या पाण्यानं जळून गेलं. शिवांजली रोज त्याला पाणी घालायची. हल्ली ती माझ्याशी पाण्याबद्दल बोलत नाही.

जयराजचं लग्न थाटात झालं. वऱ्हाडाला जार कमी पडू नयेत म्हणून दोन टेम्पो भरून आणले होते. कोरेगावच्या लोकांनी जेवणाचं कौतुक केलं, पाण्याचं कौतुक केलं. त्या गर्दीत दीपमाला कंबरेला पदर खोचून धावत होती, आणि मधूनच डाव्या कुशीवर हात दाबून भिंतीला टेकत होती.

लग्नानंतरच्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावजयीच्या सोप्यात चहाला बसलो होतो. दीपमाला आत भांडी लावत होती. नवी सून क्रांती हातातला हिरवा चुडा सावरत आली आणि पाणी प्यायला म्हणून जारवरचं फडकं उचलायला लागली. भामाबाईनं हळूच तिचा हात बाजूला केला.

"त्येला हात लावू नगंस बाळा. त्ये पाहुण्यांचं. तू आता घरची झालीस." आणि घागरीतून पेला भरून तिच्या हातात दिला.

पोरीनं घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. गिळावा की थुंकावा तिला कळेना. कसाबसा गिळून तिनं दीपमालेकडं बघितलं.

"काकी, ह्ये पाणी असं का लागतंय?"

मी दीपमालेकडं बघत राहिलो. आता तरी बोलेल, निदान या पोरीला तरी खरं सांगेल असं मला वाटलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, कुशीवर हात दाबला आणि सुनेकडं बघून हसली.

"हुतीया सवय," ती म्हणाली. "पी."

आणि क्रांतीनं डोळे मिटून पेला संपवला.