तांबूचा जप

मोपाच्या पठारावर विमानं उतरतात याची लोकांना सवय झाली होती. गाय जप करते, हे मात्र नवीन होतं. शेवंतीच्या गोठ्यापुढे सकाळपासून रांग. पेडण्याहून मोटरसायकली आल्या, दोन रिक्षा आल्या. पाव विकायला आलेला पोदेरही सायकल लावून रांगेत उभा राहिला.

तांबूने चार दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं, शेणही टाकलं नव्हतं. तरी जबडा हलत होता. बाबलीबाबा दोन वर्षांपूर्वीपर्यंत टेम्पो चालवत. त्यांनी निदान केलं: गाईने उपास धरलाय, मुखी नाम आहे, आणि शेण नाही कारण अंगात मळच उरला नाही. तिच्या फुगलेल्या डाव्या कुशीवर त्यांनी टिचकी मारली. ढब्ब. पोटात आरतीचं घुमट वाजतंय, मातीच्या भांड्याचा तो ढोल, असं त्यांनी सांगताच लोक गहिवरले. औषध दिलंत तर जप मोडेल आणि गाय जाईल, अशी तंबीही मिळाली.

शेवंतीचा पाय ठरेना. गोठ्यात, अंगणात, परत गोठ्यात. गाय मेली तर? सात वर्षं तिने तांबूला रवंथ करताना पाहिलं होतं. गळ्यातून एक गोळा वर सरकतो, चावून झाला की खाली उतरतो, मग दुसरा. आज ती तासभर गळ्याकडे बघत बसली. गोळा नव्हताच. नुसते दातांवर दात, करकर.

डॉक्टरला बोलावलं तर बाबा रागावतील, असं सून सिद्धी कुजबुजली.

"रागावंदे. ते काय दूध देतत?" म्हणत शेवंतीने फोन लावला.

गुरांच्या डॉक्टर अंकिताने कुशीला तपासायची नळी लावून ऐकलं. धडधाकट गाईचं पोट मिनिटाला एकदा-दोनदा गडगडतं. हे गप्प होतं. घुमट म्हणजे कोंडलेला वायू. जप म्हणजे कळा सोसत दात खाणं.

कूस बधिर करून तिने उभ्या गाईचं पोट उघडलं आणि प्लास्टिकचा भारा ओढून काढला. गाय आधी गिळते, सावकाश चावते, असं ती सांगत होती. पोटातले जंतू गवत कुजवतात, पिशवी नाही. भाऱ्यात दोऱ्या होत्या, लोकांनी पुण्य म्हणून पिशवीसकट चारलेल्या पावांची वेष्टनं होती, आणि बाबांच्या गेल्या उत्सवातल्या प्रसादाच्या पिशव्या, छापील फोटोसह.

बाबा डगमगले नाहीत. "पाहिलंत? तिच्या उदरात माझंच रूप."

दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा.

शेवंतीने एक पिशवी बादलीत खळबळून बाबांच्या हातात ठेवली. "म्हाराज, तुमचो फोटो तिका पचलो नाय."

पहिल्यांदा पोदेर हसला. मग रांग मोडली.

तिसऱ्या दिवशी तांबूच्या गळ्यात गोळा वर सरकला, आणि दुपारी शेण पडलं. ते बघायला कोणीही आलं नाही. एकटी शेवंती शेणापुढे हात जोडून उभी राहिली.

तेव्हा मंडळी, गाय जप करताना दिसली तर नमस्कार थोडा थांबवा. आधी तिने शेण टाकलंय का, ते बघा.